पायरी अडवते तेव्हा

शहापूर तालुक्यातील तानसा तलावाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जात आहे. ते नेताना अभियंत्यांनी एक साधे सूत्र पाळले. जलवाहिनीला तलावापासून शहरापर्यंत बेताचा उतार द्यायचा, म्हणजे पाणी आपल्याच वजनाने वाहत जाईल. वाटेत टेकड्या होत्या, ओढे होते, खाड्या होत्या. त्या प्रत्येक ठिकाणी पाण्याची सोय झाली, कारण पाणी पोचलेच पाहिजे हे आधी ठरलेले होते.

माणसाच्या बाबतीत असे ठरवायचे अजून राहून गेले आहे. गावोगावच्या सार्वजनिक इमारतींपुढे आजही उंच पायऱ्या दिसतात. प्रत्येकी अर्ध्या फुटाच्या तीन पायऱ्या म्हणजे दीड फुटाची चढण. चाकाची खुर्ची सुरक्षितपणे चढावी यासाठी एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा उतार लागतो. म्हणजे येथे अठरा फुटांचा उतार पुरे. तो नसतो तेव्हा कुबड्या घेऊन आलेला तरुण बाहेर थांबतो, गुडघेदुखीने त्रस्त झालेली आजी ‘तूच जाऊन ये’ असे नातवाला सांगते, आणि गरोदर सून कठडा शोधत राहते. तिघांची कारणे वेगळी, पण त्यांना अडवणारी पायरी एकच.

अपंग व्यक्तींच्या मुक्तीचा विचार जगभर गेली पन्नास वर्षे जो मांडला जात आहे, त्याचे सार या पायरीत आहे. घरात वृद्ध माणूस असलेल्या, स्वतः वृद्ध होत चाललेल्या आणि आजाऱ्याची सेवा करणाऱ्या प्रत्येकाशी त्याचा थेट संबंध आहे.

मुक्ती कशापासून?

आरोग्याच्या भाषेत ‘मुक्त’ हा शब्द आपल्या चांगला परिचयाचा आहे. मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणित केले. क्षयमुक्त गाव, कुष्ठमुक्त जिल्हा अशा घोषणा आपण भिंतींवर वाचतो. तेथे मुक्ती म्हणजे रोग नाहीसा होणे. ती हवीच. परंतु पोलिओने ज्याचा पाय पन्नास वर्षांपूर्वी अधू केला, त्याला देश पोलिओमुक्त झाल्याने चालता येऊ लागत नाही. त्याला हवी असलेली मुक्ती निराळी आहे. आहे त्या शरीरानिशी घराबाहेर पडता यावे, शिकता यावे, कमावता यावे, लग्नकार्याला जाता यावे, गावाच्या निर्णयात बोलता यावे, एवढेच त्याचे मागणे असते.

ब्रिटनमधील अपंग कार्यकर्त्यांच्या एका संघटनेने १९७६ मध्ये हा भेद स्पष्ट शब्दांत मांडला. शरीरातील उणीव ही एक गोष्ट. त्या उणिवेसह जगणाऱ्या माणसाला समाज ज्या रीतीने बाजूला टाकतो ती दुसरी. पहिलीवर डॉक्टर उपचार करतील, दुसरीवर समाजालाच उपचार करावे लागतील. त्याच सुमारास अमेरिकेतील बर्कली या गावी एड रॉबर्ट्स आणि त्यांचे सहकारी काम करीत होते. रॉबर्ट्स यांना वयाच्या चौदाव्या वर्षी पोलिओ झाला. मानेखालचे जवळजवळ सर्व शरीर लुळे पडले, श्वासासाठी यंत्र लागे. तरीही विद्यापीठात शिकून त्यांनी १९७२ मध्ये मित्रांसह स्वावलंबी जीवनाचे एक केंद्र उभारले. स्वावलंबन म्हणजे सगळे आपल्या हातांनी करणे, हा समज त्यांनी पुसून टाकला. मदत इतरांची असली तरी ती कोणाकडून, केव्हा आणि कशी घ्यायची हे स्वतः ठरवता येणे म्हणजे स्वावलंबन, अशी व्याख्या त्या चळवळीने रुजवली.

बर्कलीतील पदपथांच्या कडा चाकाच्या खुर्चीसाठी उतरत्या करण्यात आल्या. पुढे त्या उतारांवरून बाळगाड्या ढकलणाऱ्या आया जाऊ लागल्या, सामानाच्या ढकलगाड्या जाऊ लागल्या, काठी टेकत चालणारे वृद्ध जाऊ लागले. थोड्यांसाठी केलेली सोय सर्वांची झाली.

महाराष्ट्रालाही हा विचार परका नाही. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांना तरुणपणीच पक्षाघाताने चाकाच्या खुर्चीत बसावे लागले. त्यांनी १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली आणि अपंग मुलामुलींसाठी वसतिगृह, शिक्षण, रोजगार यांची वाट मोकळी केली. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचे आत्मकथन अनेक मराठी घरांत वाचले गेले आहे. खुर्चीत बसलेली व्यक्ती केवळ मदत घेणारी नसते, इतरांचा आधारही होऊ शकते, हे त्यांच्या कामाने दाखवून दिले.

आज त्यांचा, उद्या आपला

‘अपंग’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एखादे लहान मूल किंवा रस्त्यावरचा भिकारी येतो. प्रत्यक्ष चित्र वेगळे आहे. २०११ च्या जनगणनेत भारतात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांतील सुमारे ६९ टक्के ग्रामीण भागात होत्या, आणि साधारण २१ टक्के साठ वर्षांवरील होत्या. महाराष्ट्रातील संख्या २९ लाख ६३ हजारांच्या घरात होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगातील सुमारे १३० कोटी लोक, म्हणजे दर सहा माणसांत एक, लक्षणीय अपंगत्वासह जगतात.

या संख्येत वयाचा वाटा मोठा आहे. मोतीबिंदू, मधुमेहाने क्षीण झालेली दृष्टी, कानांना कमी ऐकू येणे, गुडघ्यांची झीज, अर्धांगवायू, मांडीच्या हाडाचा अस्थिभंग, कंपवात, स्मृतिभ्रंश ही सारी वाढत्या वयाची सोबत आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात अपंगत्वाचे २१ प्रकार नमूद आहेत. १९९५ च्या जुन्या कायद्यात ते सातच होते. नव्या यादीत कंपवात आहे, मानसिक आजार आहे, सिकलसेलसारखे रक्ताचे विकारही आहेत. ‘आमचे बाबा अपंग कुठे, त्यांचे तर वय झाले’ असे म्हणून आपण ज्या कायद्याकडे पाहतही नाही, तो कायदा कदाचित आपल्या बाबांसाठीही आहे.

धडधाकटपणा ही मुक्कामाची जागा नाही. तिथून आपल्यातील बहुतेकांना कधी ना कधी निघावे लागते. कोणी अपघाताने निघतो, कोणी आजाराने, आणि दीर्घायुष्य लाभलेला प्रत्येकजण वयाने. म्हणूनच अपंग तरुणासाठी आज मागितलेला उतार ही वृद्धांनी स्वतःसाठी केलेली तरतूद ठरते. तो तरुण आपल्या पुढे चालणारा वाटाड्या आहे. कोणता दरवाजा अरुंद आहे, कोणत्या वाटेला कठडा नाही, कोणत्या कचेरीत ऐकू येत नसलेल्याशी कोणी नीट बोलत नाही, हे त्याला आपल्याआधी कळलेले असते.

दोन तालुक्यांची वाट

ठाणे जिल्हा म्हटले की उंच इमारती आठवतात. शहापूर आणि मुरबाड ही याच जिल्ह्याची दुसरी बाजू. एकीकडे माहुली, दुसरीकडे सिद्धगड, गोरखगड आणि माळशेजचा घाट. मध्ये भातशेती, जंगल आणि डोंगरउतारावर विखुरलेले पाडे. ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी या आदिवासी समाजांची येथे मोठी वस्ती आहे. शहापूर तालुका पूर्णपणे आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. शहापुरातून मध्य रेल्वे जाते. वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा ही तिथली स्थानके. मुरबाडकरांना रेल्वे गाठायची तर सुमारे ३० किलोमीटरवरील कल्याणला जावे लागते, आणि माळशेजच्या पायथ्याकडील गावांना त्याहून कितीतरी लांब.

अशा ठिकाणी पायरी केवळ इमारतीपुढे नसते. घरापासून डांबरी रस्त्यापर्यंतची पायवाट, पावसाळ्यात फुगलेला ओढा, थांब्यावर उभ्या असलेल्या एस. टी. ची उंच पहिली पायरी, रेल्वेच्या पुलाचा जिना, फलाट आणि डबा यांतील अंतर या सगळ्या पायऱ्याच. अपंग प्रवाशांना एस. टी. च्या भाड्यात सवलत आहे, पंचाहत्तरी उलटलेल्या ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे. ही चांगलीच गोष्ट. पण सवलत तिकिटाला मिळते, पायरीला मिळत नाही. ज्याला गाडीत चढताच येत नाही त्याच्यासाठी मोफत तिकीट कागदावरच राहते. रस्ता नसलेल्या पाड्यांवरून रुग्णाला डोलीत घालून खाली आणल्याच्या बातम्या या भागातून दर पावसाळ्यात येत राहतात. डोली वाहणारे खांदे प्रेमाचे असतात, यात शंका नाही. तरी त्या खांद्यांवर गावाने कायमचे विसंबून राहावे का, हा प्रश्न उरतोच.

पाण्याचेही तसेच. तानसा, भातसा, मोडकसागर यांच्या परिसरातून मुंबईला पाणी जाते. आणि उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. टँकरचे पाणी विहिरीत ओतले जाते आणि ते शेंदून, डोक्यावर हंडा घेऊन घरी न्यायचे असते. जिचा एक हात लुळा आहे किंवा जिला दिसत नाही अशा बाईच्या वाट्याला मग शेजारणीच्या मर्जीचे पाणी येते. दारात नळ आला तर सगळ्याच बायांचे कष्ट वाचतील, पण तिला त्याहून अधिक काही मिळेल. रोज कोणापुढे तोंड वेंगाडण्यातून तिची सुटका होईल.

दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. अशा वेळी घरातील वृद्ध आणि अपंग माणसांपुढे दोनच वाटा उरतात. मागे एकटे राहायचे, नाहीतर भट्टीवरच्या खोपटात सोबत जायचे. मागे राहिलेल्यांची रोज चौकशी करणारे कोणी आहे का, त्यांचे रेशन कोण आणून देते, याची नोंद गावाकडे असायला हवी. वर्षानुवर्षे मातीत आणि विटांत राबलेल्या बोटांचे ठसे झिजतात आणि रेशन दुकानातील यंत्र ते ओळखत नाही. शिधापत्रिकेवरील घरातील दुसऱ्या व्यक्तीच्या ठशावर धान्य घेता येते, हे अनेकांना ठाऊक नसते. पण ती दुसरी व्यक्ती भट्टीवर गेलेली असेल तर शेजाऱ्यांनी आणि ग्रामपंचायतीने पुढे व्हायला हवे.

मनात आणले तर व्यवस्था दारापर्यंत येऊ शकते, याचा पुरावाही आपल्यासमोर आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ८५ वर्षांवरील आणि ४० टक्के वा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मतदारांना घरबसल्या मतदानाची सोय देण्यात आली. मतदान कर्मचारी त्यांच्या घरी गेले. मत घरी येऊन घेता येते, तर अपंगत्वाच्या दाखल्याची तपासणीही पाड्याजवळ का होऊ नये, असा प्रश्न साहजिकच मनात येतो.

सांभाळणे आणि अडवणे

या पाक्षिकाच्या वाचकांपैकी अनेकजण कोणाची ना कोणाची शुश्रूषा करीत असतील. त्यांच्याशी थोडे मोकळेपणाने बोलले पाहिजे. घरातील अपंग किंवा वृद्ध माणसाला अडवणाऱ्या काही पायऱ्या दगडाच्या नसतात, आपल्या मायेच्या असतात. ‘तू कशाला उठतोस, मी आणून देते.’ ‘तुम्हाला काय कळणार त्या कागदातले?’ ‘तिला नको न्यायला लग्नाला, हाल होतील.’ ही वाक्ये काळजीपोटीच निघतात. मात्र दिवसातून दहा वेळा ती ऐकणाऱ्याच्या मनात हळूहळू पक्के होते की आपण घरावर ओझे आहोत.

‘आंधळ्याच्या गायी देव राखतो’ असे आपण म्हणतो. त्या म्हणीत श्रद्धा आहे, आणि एक पळवाटही आहे. देव राखणार असेल तर गावाला काही करायला नको. आणि स्वतःच्या गायी राखण्याची त्या माणसाची काही युक्ती असेल, हे तर आपण विचारतही नाही.

सेवा करताना काही साध्या सवयी लावून घेता येतात. हात धरण्याआधी विचारावे. अंध व्यक्तीला ओढून नेण्यापेक्षा तिला आपल्या कोपराचा आधार घेऊ द्यावा. ऐकू कमी येणाऱ्याशी समोर बसून, तोंडावर उजेड येईल असे, सावकाश बोलावे. ओरडल्याने शब्द स्पष्ट होत नाहीत. डॉक्टरांकडे गेल्यावर प्रश्न रुग्णालाच विचारावेत अशी विनंती करावी. घरखर्चाचे, जमिनीचे, लग्नाचे बोलणे चालले असेल तर त्यांनाही बैठकीत घ्यावे. स्वतःच्या निवृत्तिवेतनाचे किंवा अनुदानाचे पैसे शक्यतो त्यांच्याच हाती असावेत. एखाद्याला शर्टाची बटणे लावायला दहा मिनिटे लागत असतील, तर ती दहा मिनिटे त्याची आहेत.

संबोधनेही तपासावीत. गावात लंगड्या, बहिऱ्या, तिरळ्या ही नावे इतकी रुळतात की मूळ नाव मागे पडते. चारचौघांत अपंग व्यक्तीचा जाणूनबुजून अपमान करणे हा २०१६ च्या कायद्याने गुन्हा ठरवला असून त्यासाठी सहा महिने ते पाच वर्षे कैदेची तरतूद आहे. अर्थात शिक्षेच्या भीतीपेक्षा नावाने हाक मारण्याची सवय अधिक काम करील. सरकारदरबारी आज ‘दिव्यांग’ हा शब्द आहे, काहींना ‘अपंग’ हाच शब्द सरळ वाटतो. त्या व्यक्तीला कोणता आवडतो हे तिलाच विचारावे.

शुश्रूषा करणाऱ्याची मुक्तीही याच प्रश्नात गुंतलेली आहे. बहुतेक घरांत हे काम एकट्या बाईच्या अंगावर पडते, कधी सून, कधी मुलगी, कधी स्वतः सत्तरी ओलांडलेली पत्नी. मोरीत कठडा बसला की तिला दर वेळी उचलून धरावे लागत नाही. दारात उतार आला की तिचा कणा वाचतो. आठवड्यातून एक दिवस दुसऱ्या कोणी जबाबदारी घेतली तर तिला माहेरी किंवा बाजारात जाता येते. एकाची मोकळीक दुसऱ्याच्या पाठीवर उभी असेल तर ती फार दिवस टिकत नाही.

घरापासून सुरुवात

मोठ्या खर्चाशिवाय घर बरेच सुकर करता येते. गावाकडच्या घरात पुढील बाबी एकदा डोळ्यांखालून घालाव्यात.

उंबरा आणि ओटा. उंच उंबऱ्याला दोन्ही बाजूंनी मातीचा वा सिमेंटचा चढ द्यावा. ओट्याच्या पायरीच्या कडेला पांढरा किंवा पिवळा पट्टा रंगवला की अधू दृष्टीलाही ती दिसते. पायरीलगत भक्कम बांबूचा कठडा रोवावा.

शौचालयाची वाट. ते बहुधा घराबाहेर असते आणि पडझड रात्री तिथेच होते. वाट सपाट करून तिच्यावरचे शेवाळ काढावे, दिव्याची सोय करावी. दिसत नसलेल्यासाठी घरापासून शौचालयापर्यंत खांब रोवून हाताला लागेल अशी दोरी बांधली की त्याला एकट्याने जाता-येता येते.

शौचालय आणि मोरी. उकिडवे बसता येत नसेल तर मध्ये भोक असलेली मजबूत खुर्ची भांड्यावर ठेवता येते. बसल्यावर हात सहज पोचेल अशा उंचीवर भिंतीत पक्का दांडा बसवावा. आंघोळीसाठी न घसरणारे स्टूल ठेवावे. कुडाच्या भिंतीला दांड्याचे वजन पेलत नाही, तेथे जमिनीत खांब पुरावा.

काठी. सरळ उभे राहून हात मोकळा सोडल्यावर मनगटाच्या रेषेपर्यंत मूठ यावी, एवढी उंची योग्य. खालचे रबर झिजले की बदलावे. कोणाची तरी जुनी काठी मापाविना वापरल्याने खांदा आणि पाठ दुखू लागते.

दार. चाकाची खुर्ची येणार असेल तर दाराची मोकळी रुंदी साधारण ९० सेंटिमीटर लागते. घरकुलाचे बांधकाम सुरू असतानाच हे सांगितले तर जादा खर्च जवळपास येत नाही. नंतर भिंत फोडणे महागात पडते.

हक्काचे ते मागावे

अपंगत्वाचा दाखला आणि वैश्विक ओळखपत्र, ज्याला यूडीआयडी कार्ड म्हणतात, हे बहुतेक योजनांचे प्रवेशद्वार आहे. त्याचा अर्ज ऑनलाइन होतो. त्यानंतर सरकारी रुग्णालयात तपासणी होते. ४० टक्के आणि त्यावरील अपंगत्वाला बहुतेक लाभ लागू होतात. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करता येतो. ६५ वर्षे पूर्ण झालेल्या, मर्यादित उत्पन्नाच्या ज्येष्ठांना चष्मा, श्रवणयंत्र, काठी, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ३,००० रुपये देण्याची तरतूद आहे. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून अशी साधने थेट पुरवते.

ग्रामपंचायतीसह सर्व स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के निधी अपंग व्यक्तींसाठी खर्च करायचा आहे. हा निधी किती जमला आणि कशावर खर्च झाला, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक ग्रामस्थाला आहे. अन्याय झाला तर अपंग व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेविषयक साहाय्य मिळते. तालुका विधी सेवा समितीकडे त्यासाठी जाता येते.

सार्वजनिक इमारती सुगम करणे ही मर्जीची बाब राहिलेली नाही. राजीव रतुरी या दृष्टिबाधित नागरिकाने २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तिच्यावर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल देताना न्यायालयाने सांगितले की सुगमतेचे किमान निकष सक्तीचे असले पाहिजेत. केवळ मार्गदर्शक सूचना देऊन भागणार नाही. त्या निकालामागे जवळपास वीस वर्षांची चिकाटी आहे. ती चिकाटी दाखवली एका अंध माणसाने, आणि त्याचा लाभ काठी टेकत तहसील कचेरीत जाणाऱ्या आपल्या आजोबांनाही होणार आहे.

आमच्या मागे याचे काय?

वयोवृद्ध आईवडिलांच्या मनात एक प्रश्न असतो, तो ते क्वचितच मोठ्याने बोलतात. मतिमंद म्हणून ज्याला गावाने बाजूला ठेवले असा चाळिशीचा मुलगा, सेरेब्रल पाल्सी असलेली मुलगी. आपण गेल्यावर यांना कोण पाहणार? काही माता तर ‘माझ्या आधी त्याला ने’ अशी प्रार्थना करतात. आईला अशी प्रार्थना करावी लागते, यातच आपल्या सगळ्यांचे अपयश दडलेले आहे.

या प्रश्नावर काही गोष्टी आजच करता येतात. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविध अपंगत्व असलेल्यांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास अधिनियम आहे. त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमू शकते, तसेच ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते. हात चालतात तोवर इच्छापत्र करून ठेवावे. मुलाच्या सवयी, औषधे, त्याला भीती कशाची वाटते, तो कशाने शांत होतो, हे एका वहीत लिहावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याला गाव ओळखू द्यावे. ज्याला वाणी ओळखतो, भजनी मंडळ ओळखते, एस. टी. चा वाहक ओळखतो, तो आईवडिलांमागे एकटा पडण्याचा संभव कमी. आयुष्यभर खोलीत जपलेल्या मुलाला मात्र त्या खोलीबाहेर कोणीच उरत नाही.

ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर

हे सारे कोणा एका घराने करण्यासारखे नाही. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा भरली पाहिजे असा नियम आहे. अनुसूचित क्षेत्रात तर पाड्यालाही आपली स्वतंत्र ग्रामसभा मागता येते, आणि जो चार किलोमीटर चालू शकत नाही त्याच्यासाठी पाड्यावरची सभा ही गावच्या कारभाराची पहिली संधी ठरते. पुढच्या सभेआधी ज्येष्ठ नागरिकांनी, अपंग ग्रामस्थांनी आणि त्यांना सांभाळणाऱ्यांनी मिळून एक अर्ज द्यावा. त्यात पाच मागण्या पुरेशा आहेत: सभा पायऱ्या नसलेल्या जागी भरवावी; गावातील अपंग आणि एकट्या वृद्धांची यादी पाड्यांसह तयार करावी; ५ टक्के निधीचा हिशेब वाचून दाखवावा; ग्रामपंचायत, शाळा, अंगणवाडी व आरोग्य उपकेंद्रापुढे उतार आणि कठडा करावा; आणि दाखल्यांच्या तपासणीचे शिबिर तालुक्यातच घेण्याचा ठराव वर पाठवावा.

अर्जावर सर्वांत आधी सही किंवा अंगठा त्या व्यक्तीचा असावा जिला आजवर सभेला कोणी बोलावलेच नाही. आणि सभेच्या दिवशी तिला घेऊन येण्याची जबाबदारी कोणाची, हे आदल्या दिवशीच ठरवून ठेवावे.